अमास्या कसं बघायचं: तुर्कस्तानातल्या जुन्या गावात पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

आपल्याकडचे बहुतेक लोक तुर्कस्तानला जातात ते इस्तंबूल, कप्पादोकिया, पामुक्काले एवढं करून परत येतात. त्यात काही वाईट नाही, पण ज्यांना इतिहासाची खरंच आवड आहे आणि हातात दोन-तीन दिवस जास्तीचे आहेत त्यांनी अमास्याला जावंच असं मला मनापासून वाटतं. काळ्या समुद्राच्या बाजूला, डोंगरांच्या अरुंद घळीत वसलेलं जिल्ह्याचं गाव आहे हे. मधून येशिलर्माक नदी वाहते, एका बाजूला सरळ उभा कातळ आणि त्या कातळात कोरलेल्या बावीसशे वर्षांपूर्वीच्या राजांच्या कबरी. मराठीत माहिती शोधायला गेलं तर जवळपास काहीच सापडत नाही आणि इंग्रजीत जे आहे ते "दोन तासांत अमास्या" टाइपचं, म्हणून हे सगळं क्रमाने लिहितेय.

एक गोष्ट आधीच सांगते. हे गाव उन्हाच्या हिशोबाने बघायचं असतं. कुठली जागा सकाळी, कुठली दुपारी, कुठली संध्याकाळी एवढं जमलं की अर्धं काम झालं. दिवसभराच्या टूरवाल्या बस भर दुपारी येतात, लोक घामाघूम होत कबरींपर्यंत चढतात आणि फोटो काढून निघून जातात, तसं करू नका. किमान दोन रात्री ठेवा.

१. कधी जायचं

एप्रिल शेवट ते जून मध्य, किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर. जुलै-ऑगस्टमध्ये घळीत ऊन साठून राहतं आणि कातळ तापतो, हिवाळ्यात थंडी आणि मधूनमधून बर्फ, पायऱ्या निसरड्या. शरद ऋतूत गेलात तर इथली प्रसिद्ध मिस्केत सफरचंदं ताजी मिळतात, लहान, लालबुंद आणि वासाची. १२ ते २२ जूनच्या दरम्यान गावात उत्सव असतो. मुस्तफा केमाल (पुढचे आतातुर्क, तुर्की प्रजासत्ताकाचे संस्थापक) १२ जून १९१९ ला इथे आले आणि २२ जूनला इथून ते प्रसिद्ध परिपत्रक निघालं, देशाचं स्वातंत्र्य देशाच्या लोकांचा निर्धारच वाचवेल असं सांगणारं. तेव्हा गाव सजलेलं असतं पण हॉटेलं भरलेली असतात, त्यामुळे आधी बुकिंग करा. रमजान चालू असेल तर दुपारी जेवायची जागा शोधावी लागते हेही लक्षात ठेवा.

२. कागदपत्रं आणि सामान

- पासपोर्ट, परतीच्या तारखेनंतर सहा महिने तरी चालणारा
- व्हिसा: तुमच्याकडे अमेरिका, इंग्लंड, आयर्लंड किंवा शेंगेनचा चालू व्हिसा किंवा तिथलं रहिवासी परमिट असेल तरच भारतीय पासपोर्टवर ई-व्हिसा मिळतो. नसेल तर व्हिसा सेंटरमधून नेहमीचा स्टिकर व्हिसा, आणि त्याला वेळ लागतो, महिना-दीड महिना आधी सुरुवात करा
- ज्या व्हिसाच्या जोरावर ई-व्हिसा काढला त्याची पण प्रिंट, एअरलाइनच्या काउंटरवर मागतात
- हॉटेल बुकिंग, परतीचं तिकीट, ट्रॅव्हल इन्शुरन्स
- चांगली पकड असलेले बूट (चपला किंवा फ्लॅट सँडलवर कबरींच्या पायऱ्या करू नका)
- बायकांसाठी ओढणी किंवा स्कार्फ, पुरुषांनी मशिदीत हाफ पँट टाळा
- छोटी टॉर्च, मोबाइलची चालेल
- थोडी लीरा रोख, दोल्मुश म्हणजे शेअर मिनीबस आणि चहाच्या टपरीसाठी. बाकी कार्ड बऱ्यापैकी सगळीकडे चालतं

ई-व्हिसाच्या नावाने भरपूर खासगी साइट सर्चमध्ये वर येतात आणि दुप्पट-तिप्पट पैसे घेतात. पत्त्याच्या शेवटी "गव्ह डॉट टीआर" आहे का ते बघूनच कार्ड काढा.

३. पोचायचं कसं

मुंबईहून इस्तंबूलला थेट विमान आहे. तिथून पुढे तीन रस्ते. सगळ्यात सोपं म्हणजे इस्तंबूलहून मेर्झिफोनचं विमान. विमानतळाच्या नावात अमास्या असलं तरी तो मेर्झिफोनला आहे आणि तिथून अमास्या पाऊणेक तास. विमानं फार नाहीत, त्यामुळे तारखा त्याप्रमाणे बसवाव्या लागतात. दुसरं, सामसूनपर्यंत विमान आणि पुढे साधारण १३० किलोमीटर बस. तिसरं म्हणजे सरळ बस: अंकाराहून पाचेक तास, इस्तंबूलहून दहा-अकरा तास, बहुतेक रात्रीची.

तुर्की बस एकदम छान असतात, चहा-बिस्किटं देतात, वाटेत जेवायला थांबतात. पण तिकीट काढताना सीट निवडायच्या वेळी स्त्री की पुरुष ते विचारतात, आणि ओळख नसलेल्या बाई-पुरुषांना शेजारी बसवत नाहीत, त्यामुळे जोडप्याने वेगवेगळी तिकिटं काढली तर सीट अडकू शकते, दोन्ही एकाच बुकिंगमध्ये काढा. आपली कार्डं तिथल्या साइटवर कधीकधी चालत नाहीत, मग बसस्टँडवर जाऊन काउंटरवर घ्यायचं, पासपोर्ट लागतो. अमास्याचा बसस्टँड (तिथे ओतोगार म्हणतात) गावाच्या बाहेर आहे, तिथून दोल्मुश किंवा टॅक्सी.

रेल्वेची आवड असेल तर सामसून–सिवास लाइन अमास्यातून जाते, १९३० च्या दशकात पूर्ण झालेली. गाडी हळू आहे आणि फेऱ्या मोजक्या, पण घळीतून जाताना जे दिसतं त्यासाठी एक टप्पा तरी करा.

४. राहायचं नदीकाठीच

उत्तर काठावर हातुनिये मोहल्ल्यात जुनी लाकडी घरं आहेत, त्यांना यालीबोयू घरं म्हणतात. नदीकाठच्या जुन्या तटाच्या भिंतीवर उभी, वरचा मजला पाण्यावर पुढे आलेला, लाकडी सांगाडा आणि मधे कच्च्या विटांची भर. त्यातली बरीच आता छोटी हॉटेलं आहेत. पैसे थोडे जास्त गेले तरी इथेच राहा, कारण कबरींचा रस्ता दाराशी आणि रात्रीचं गाव खिडकीत. फक्त बुक करताना तीन गोष्टी विचारून घ्या: खोली खरंच नदीकडे आहे का (फोटो नदीचा आणि खोली मागच्या गल्लीत असं होतं), जिना किती उभा आहे, आणि शेजारी रात्री उशिरापर्यंत चालणारं गाणं-बजावणं आहे का. मोठ्या चाकांच्या बॅगा घेऊन जात असाल तर दगडी गल्ल्यांत हाल होतात, सॅक बरी.

५. पहिली संध्याकाळ: दक्षिण काठावरून नुसतं बघा

पोचलात की लगेच चढायला जाऊ नका. पूल ओलांडून दक्षिण काठावर या, नदीकाठी लांबलचक फिरायचा रस्ता आहे, चहाचे बाग आहेत, पाणी उचलणारी लाकडी रहाटं आहेत. एक चहा घ्या आणि समोरचा डोंगर नीट वाचा. खाली पाणी, त्यावर लाकडी घरं, घरांच्या मागे रेल्वेलाइन, त्यावर कातळात कोरलेल्या काळ्या चौकटी म्हणजे कबरी, आणि अगदी वर हार्शेना डोंगराचा किल्ला. अंधार पडला की कबरींवर दिवे लागतात.

काठावर पुतळे दिसतील, ते उस्मानी (ऑटोमन) राजपुत्रांचे. गादीवर बसण्याआधी शहजाद्यांना राज्यकारभार शिकायला प्रांतावर पाठवायचे आणि अमास्या त्यातलं महत्त्वाचं ठाणं होतं. दुसरा बायझीद इथे सुभेदार होता, त्याचा मुलगा पहिला सेलीम १४७० मध्ये इथेच जन्मला, आणि सुलतान सुलेमानचा मुलगा मुस्तफा इथून कारभार बघायचा, ज्याला १५५३ मध्ये बापानेच मारवलं. त्यानंतर दोनच वर्षांनी, १५५५ मध्ये, त्याच सुलेमानने इराणच्या सफवी शाहाशी तह केला तोही ह्याच गावात. एवढं डोक्यात असलं की दुसऱ्या दिवशी मशिदी-मदरसे बघताना नावं ओळखीची वाटतात.

आणखी एक पुतळा शोधा, स्ट्रॅबोचा. प्राचीन जगाचा हा मोठा भूगोलकार, जन्म इसवी सनापूर्वी ६४-६३ च्या सुमारास, अमास्याचाच. त्याने आपल्या गावाचं वर्णन लिहून ठेवलंय: खोल घळ, नदी, तट, आणि गावातच असलेल्या राजांच्या कबरी, म्हणजे तुम्ही समोर जे बघताय तेच. आणि आपल्यासाठी विशेष म्हणजे ह्याच माणसाने लिहिलंय की त्याच्या काळात तांबड्या समुद्रातल्या एका बंदरातून वर्षाला १२० जहाजं भारताकडे जायची. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरच्या रोमन व्यापाराबद्दल कुठेही वाचलं तर हा आकडा भेटतोच. तो आकडा लिहिणारा ह्या घळीत वाढला, हे मला तिथे उभं राहिल्यावर फार भारी वाटलं होतं.

६. दुसरी सकाळ: राजांच्या कबरी

उघडायच्या वेळेला दारात हजर राहा. डोंगराची ही बाजू दक्षिणेकडे तोंड करून आहे, त्यामुळे दहा-अकरानंतर सावली मिळत नाही. हातुनिये मोहल्ल्यातून पाट्या आहेत, रेल्वेलाइन लागते, मग तिकीट खिडकी, मग पायऱ्या. चढ उभा आहे पण फार लांब नाही, गुडघे दुखणाऱ्यांनी काठी घ्यावी आणि कठडा नाही तिथे कडेला जाऊ नये, लहान मुलांचा हात सोडू नका.

वर मधे एक सपाट टप्पा लागतो, त्याला किझलार सारायी म्हणतात, तिथे जुन्या बांधकामांचे अवशेष आहेत. तिथून वाट दोन बाजूंना फुटते आणि दोन्हीकडे कबरी आहेत, एक बाजू बघून खाली उतरू नका. ह्या पाँटस राज्याच्या राजांच्या कबरी. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला मिथ्रिदातीस पहिला याने हे राज्य उभं केलं आणि अमास्या राजधानी झाली, पुढे पहिल्या फार्नाकेसने इसवी सनापूर्वी १८३ मध्ये समुद्रकाठचं सिनोप जिंकलं आणि नंतर राजधानी तिकडे गेली.

आता बघायचं काय ते सांगते, कारण लांबून ह्या नुसत्या चौकोनी गुहा वाटतात आणि बरेच जण दारात डोकावून परत फिरतात. आपण लेणी बघून वाढलेले लोक, आपल्याला हे चटकन कळतं. कबरीच्या बाजूला जा. खोदणाऱ्यांनी कातळात नुसतं भोक पाडलेलं नाही, तर बाजूंनी आणि मागून खडक कापत नेऊन मधे अख्खा दगडी ठोकळा सुटा केलाय, वेरूळच्या कैलासाला जसं डोंगरापासून वेगळं काढलंय तीच बुद्धी, फक्त आकार लहान. मागच्या अरुंद बोळातून जिथे जाऊ देतात तिथे फिरून या, टॉर्च इथेच लागते, भिंतीवरचे छिन्नीचे घाव हाताला लागतात. कबरीचं दार माणसाच्या उंचीच्या बरंच वर आहे, आत फक्त कोठडी, रिकामी. एका कबरीजवळच्या कातळावर ग्रीक लेख आहे: मेत्रोदोरोस नावाच्या किल्लेदाराने फार्नाकेस राजासाठी देवांना वेदी आणि फुलबाग अर्पण केली असा. ह्या ओसाड उभ्या कड्यावर कधीकाळी राजासाठी फुलबाग होती, हे वाचल्यावर ती जागा वेगळीच दिसायला लागते.

खाली यायच्या आधी गावाकडे तोंड करून पाच मिनिटं बसा, पुढचा सगळा कार्यक्रम वरून दिसतो, घुमट मोजत मार्ग ठरवता येतो.

७. दुपार: हाझेरानलार वाडा आणि म्युझियम

ऊन वाढलं की घरात शिरायचं. उतरल्यावर लगेच नदीकाठी हाझेरानलार कोनाक आहे, १८७२ मध्ये हसन तलात एफेंदी यांनी बहिणीसाठी, हाझेरान हानिमसाठी बांधलेला. आत उस्मानी काळातल्या श्रीमंत घरातल्या खोल्या मांडल्यात. अर्धा तास पुरतो.

मग पूल ओलांडून अमास्या म्युझियम. लोक मुख्यतः ममी बघायला येतात, चौदाव्या शतकातल्या, इल्खानी मंगोलांच्या राजवटीतल्या माणसांच्या, आणि त्यात लहान मुलंही आहेत. सोबत छोटी मुलं असतील तर आधी विचार करा. पण ममींच्या गर्दीत दोयानतेपे इथे सापडलेली, हित्ती (इथल्या प्राचीन) लोकांच्या वादळदेवाची छोटी काशाची मूर्ती सुटते, ती चुकवू नका, उंच टोपी आणि मोठे डोळे. सोमवारी तुर्कस्तानातली बरीच म्युझियम बंद असतात, मुक्कामात सोमवार येत असेल तर हॉटेलवाल्याला आदल्या दिवशीच फोन करायला सांगा.

८. दक्षिण काठ पश्चिमेकडून पूर्वेकडे

हे सगळं पायी होतं. सुरुवात म्युझियमजवळच्या गोक मेद्रेसेपासून (मेद्रेसे म्हणजे मदरसा). तेराव्या शतकातलं, उस्मानींच्या आधीच्या सेल्जुक तुर्कांच्या काळातलं बांधकाम, सुभेदार तोरुमतायने बांधलेलं, त्याची स्वतःची कबर समोरच, १२७८ ची. मेद्रेसेला चिकटलेल्या थडग्याच्या वरच्या भागात विटांमध्ये निळ्या-फिरोजी चकाकीचे तुकडे अजून टिकून आहेत, तिरप्या उन्हात चांगले दिसतात.

पुढे सुलतान बायझीद मशीद, १४८६ ची, गावातली सगळ्यात मोठी. शहजादा म्हणून ज्या गावात राहिला त्या गावाला त्याने हे दिलं: मशीद, मदरसा (आता ग्रंथालय) आणि गरिबांना जेवू घालणारं अन्नछत्र. अंगणात प्रचंड जुनी चिनाराची झाडं आहेत, लोक म्हणतात मशिदीएवढीच जुनी. आवारातच जुन्या अमास्याचं छोटं मॉडेल असलेलं म्युझियम आहे, मुलांना आवडतं. नमाजाच्या वेळी आत फिरू नका, शुक्रवारी दुपारी तर नकोच, आणि नमाज पढणाऱ्याच्या समोरून कधीच जायचं नाही. बूट दारात, पिशवीत घालून आत नेले तरी चालतात.

मग बाजारपेठेतून चालत बुरमाली मिनारे मशीद, तेराव्या शतकातली. नावातच असलेला पिळाचा मिनार खालून वर बघायचा.

९. बिमारहाने: इथे घाई नको

मला विचाराल तर कबरींच्या खालोखाल हीच जागा. १३०८-०९ मध्ये इल्खानी सुलतान ओल्जायतू आणि त्याची बायको इल्दुश हातून यांच्या नावाने बांधलेला दवाखाना. आधी बाहेरच थांबा. दरवाजाची कमान वेली आणि भौमितिक नक्षीने भरलेली आहे, सगळे तिचा फोटो काढतात आणि आत जातात. कमानीच्या मधल्या कळीच्या दगडावर नजर नेऊन बघा, तिथे गुडघ्यावर बसलेली एक छोटी मानवी आकृती आहे, झिजलेली, आणि इस्लामी इमारतीच्या दारावर माणूस कोरलेला सहसा दिसत नाही.

आत मधे मोकळा चौक आणि दोन्ही बाजूंना खोल्या. मनाच्या आजारांवर इथे संगीताने उपचार व्हायचे ही ह्या जागेची ओळख, आणि आता इथे वैद्यकाच्या इतिहासाचं म्युझियम आहे ते शेरेफेद्दीन साबुन्जुओलूच्या नावाने. हा पंधराव्या शतकातला अमास्याचा शल्यवैद्य, ह्याच दवाखान्यात वर्षानुवर्षं काम केलेला. १४६५ मध्ये त्याने शस्त्रक्रियेचा ग्रंथ पूर्ण केला, अरबीत किंवा फारसीत न लिहिता साध्या तुर्कीत, आणि प्रत्येक शस्त्रक्रियेची चित्रं काढून: रोग्याला कसं बसवायचं, हत्यार कुठे धरायचं, डाग कुठे द्यायचा. त्याचा पाया अंदलुसच्या (मुस्लिम राजवटीतल्या स्पेनच्या) अल-झहरावीचा जुना ग्रंथ, पण चित्रं आणि स्वतःचे अनुभव ह्याचे. काही चित्रांत बायका वैद्यकी करताना दिसतात. हत्यारांच्या प्रतिकृती आणि चित्रांच्या मोठ्या प्रती भिंतींवर आहेत, एकेक करून बघा. घरात कोणी डॉक्टर असेल तर त्यांना इथून लवकर बाहेर काढता येणार नाही.

अजून पाय चालत असतील तर पूर्वेकडे कुन्च पुलापर्यंत जा, पलीकडे ब्युयुक आगा मदरसा आहे, १४८८ चा, अष्टकोनी. आत वर्ग चालू असतात, त्यामुळे विचारून, हळू आवाजात.

१०. गावाबाहेरचं: टॅक्सी ठरवून

तिसऱ्या दिवशी सकाळी तीन जागा एकत्र करता येतात. हार्शेनाचा किल्ला (चालत जाऊ नका, मागच्या बाजूने गाडीरस्ता आहे), आयनाली माआरा म्हणजे गावापासून तीनेक किलोमीटरवरची गुळगुळीत घासलेली कबर, ज्याच्या आत नंतरच्या ख्रिस्ती काळातली पुसट चित्रं आहेत, आणि फेरहातचा पाट. हा पाट म्हणजे गावाला पाणी आणायला कातळात कोरलेला प्राचीन कालवा, कित्येक किलोमीटर लांब, रस्त्याच्या कडेने दिसतो. लोककथेत तो शिरीनसाठी फेरहातने डोंगर फोडून काढला, म्हणजे आपण शिरीन-फरहाद म्हणतो तेच दोघं.

टॅक्सीवाल्याशी सगळ्या जागा, थांबायचा वेळ आणि एकूण पैसे निघायच्या आधीच कागदावर लिहून ठरवा. किल्ल्यावर सोडून तो निघून गेला तर परत खाली यायला गाडी मिळत नाही.

११. खायचं काय

मांसाहारी असाल तर केश्केक घ्या, गहू आणि मांस तासन् तास शिजवून केलेलं. इथली खासियत बाकला दोल्मासी, द्राक्षाच्या पानात गुंडाळलेल्या बाकल्याच्या (फावा बीन्सच्या) दाण्यांची, पण त्यात बऱ्याचदा मांस असतं. शाकाहारी लोकांनी "एत येमियोरुम", म्हणजे मी मांस खात नाही, हे पाठ करा, आणि तरीही भाजीत मांसाचे तुकडे आहेत का ते बोट दाखवून विचारा. मसूरचं सूप, मेनेमेन (टोमॅटो-अंडं), चीजचं पिदे (भट्टीत भाजलेली जाड पोळी), गोझ्लेमे (सारण भरलेली पातळ पोळी), आणि दह्याचं तोयगा सूप ह्यावर दिवस आरामात निघतात. सूपमध्ये मटणाचं पाणी असू शकतं, कडक शाकाहारी असाल तर तेही विचारा. बेकरीत अक्रोड किंवा खसखस घातलेला अमास्या चोरेक (पावासारखा प्रकार) मिळतो, बसच्या प्रवासासाठी तो बांधून घ्या.

१२. निघताना

परतीचं बसचं तिकीट पोचल्याच्या दिवशीच काढून ठेवा, विशेषतः शुक्रवार-रविवार आणि ईदच्या आसपास, तेव्हा गाड्या भरून जातात. वेळ असेल तर पुढे तोकात किंवा सिवास जोडा, दोन्ही त्याच बाजूला. तोकातच्या वाटेवरून थोडं आत झिले लागतं, तिथल्या लढाईनंतर इसवी सनापूर्वी ४७ मध्ये सीझरने "आलो, पाहिलं, जिंकलं" हा निरोप रोमला धाडला, आणि हरलेला राजा म्हणजे त्याच पाँटस घराण्यातला दुसरा फार्नाकेस. गावात छोटा किल्ला आहे, अर्ध्या दिवसात होतं, पण दोल्मुश संध्याकाळी लवकर बंद होतात तेव्हा सकाळीच निघा.